एकच मस्कारा आणि लिपस्टिक अनेक क्लायंटना वापरली तर चालते का? मेकअप आर्टिस्टने स्वच्छता कशी पाळावी?

थेट लावत असाल तर अजिबात चालत नाही. मस्काऱ्याची कांडी एकीच्या पापणीवरून पुन्हा ट्यूबमध्ये गेली की आतला ओला, अंधारा भाग जंतूंना आयताच मिळतो. डोळे येण्याचा संसर्ग असाही पसरू शकतो. म्हणून डिस्पोजेबल वँड वापरा, आणि दुसऱ्यांदा मस्कारा लागला तर नवीन वँड घ्या. तीच परत बुडवायची नाही, घाई कितीही असो.

लिपस्टिक, क्रीम फाउंडेशन, कन्सीलर स्पॅच्युलाने थोडं खरवडून स्टीलच्या पॅलेटवर काढा आणि तिथूनच ब्रशने लावा. ओठांवर हर्पिसचे फोड दिसत असतील तर त्या दिवशी ओठांचा मेकअप नम्रपणे नाकाराच. नागीण नव्हे, तापानंतर ओठांवर उठतात ते फोड. हा विषाणू सहज पसरतो.

ब्रश प्रत्येक क्लायंटनंतर साफ हवेत. आधी साबणाने धुऊन मेकअपचा थर काढा, मगच निर्जंतुक करा. थराखाली अल्कोहोल पोचत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्क्यांचं घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त प्रभावी वाटतं, पण ते पटकन उडून जातं. ७० टक्क्यांतल्या पाण्यामुळे ते जास्त वेळ टिकतं आणि जंतूंच्या आत नीट शिरतं. धुतलेले ब्रश आडवे वाळवा, उभे ठेवले तर पाणी मुठीत उतरून केस सुटतात.

पेन्सिल प्रत्येकीसाठी नव्याने टोकदार करा, शार्पनरही पुसा. स्पंज मात्र एकीसाठी एकच, तो आतून स्वच्छ झाल्याची खात्री देता येत नाही.