तारीख बेलापूरला, आई ठाण्याला

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत ऑपरेटर आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर यू-टर्न लांब पडतो म्हणून राँग साइडने बाइक घातली आणि ट्रॅफिक पोलिसांनी धरलं. आता कोर्टाचं समन्स आलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग), पुढच्या मंगळवारी सकाळी ११ वाजता, बेलापूर. त्याच सकाळी ठाण्यात आईची अँजिओग्राफी आहे आणि मी एकुलता एक. मित्र म्हणतात, दंडाचं तर प्रकरण आहे, नाही गेलास तरी चालतं. चुलतभावाला पाठवू का?

उत्तर : तुम्ही आईबरोबर ठाण्यालाच जा. फक्त कोर्टाला आधी कळवा, आणि लेखी कळवा.

मित्रांचं मात्र ऐकू नका. मोबाइलवर ई-चलन येतं ते वेगळं. लोकअदालतीची नोटीस येते तीही वेगळी. तिथे तडजोडीला बोलावलेलं असतं, नाही गेलात तर तडजोड होत नाही, इतकंच. तुमच्या हातात आहे ते समन्स. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरच्या बाजूला ‘एस.सी.सी.’ (समरी क्रिमिनल केस) आणि पुढे नंबर दिसतो. याचा अर्थ तुमच्यावर फौजदारी केस दाखल झाली आहे. पुकारा झाला, म्हणजे कोर्टात तुमच्या केसचं नाव घेतलं गेलं, आणि ना आरोपी, ना वकील, ना अर्ज, अशी स्थिती असेल तर वॉरंट निघू शकतं. सहसा पहिलं जामीनपात्र असतं, तरीही हजर झाला नाहीत तर अजामीनपात्र. माझ्याकडे कळव्याचा एक रिक्षावाला आला होता. त्यालाही कुणीतरी ‘काही होत नाही’ म्हणून सांगितलं होतं. पोलीस रात्री जेवणाच्या वेळी चाळीत आले, दार त्याच्या आईने उघडलं. वॉरंट रद्द झालं, पण ती माउली आजही दार वाजलं की दचकते, असं तो सांगतो. हे सगळं एका पानी अर्जाने टळलं असतं.

चुलतभावाने तुमच्या वतीने उभं राहून उपयोग नाही. त्याने तोंडी सांगितलेलं रेकॉर्डवर येत नाही. वकील लागेल. वकीलपत्रावर आजच सही करून द्या आणि हजेरी माफीचा अर्ज तयार करून घ्या. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम २२८ आणि ३५५ खाली आरोपीच्या हजेरीला माफी देऊन वकिलामार्फत काम चालवायची मुभा न्यायाधीश देऊ शकतात. अर्जात केस नंबर, तारीख, नेमकं कारण आणि ‘पुढच्या तारखेला जातीने हजर राहीन’ ही हमी असू द्या. सोबत हॉस्पिटलचं पत्र जोडा, त्यावर आईचं नाव आणि अँजिओग्राफीची तारीख-वेळ हवी. शक्य असेल तर अर्ज आधीच द्या. ते जमलं नाही तर वकिलांनी त्या दिवशी पुकाऱ्याच्या वेळी समोर ठेवावा. माफी देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात असतं, हे खरं. पण खरं कारण, कागदासकट आणि वेळेत पुढे आलं तर ते ऐकून घेतात, हा माझा अनुभव आहे.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. कुणी तुम्हाला तुमच्याच नावाचं आजारपणाचं सर्टिफिकेट आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्याकडे खरं कारण आहे. खोटा कागद कोर्टात दिलात तर चलनापेक्षा मोठा गुन्हा अंगावर येईल. दुसरं, ‘अकराला तोंड दाखवतो, बाराला सुटतो, ट्रेन पकडून ठाणं गाठतो’ असा हिशोब करू नका. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसच्या यादीत, तुमची केस कितवी आहे आणि पुकारा कधी होईल ते सांगता येत नाही, आणि आईला सकाळीच ॲडमिट करून घेतील.

समन्स दोन्ही बाजूंनी वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे काही प्रकरणांत ठरावीक तारखेआधी गुन्हा कबूल करून रक्कम पाठवायची सोय समन्सवरच लिहिलेली असते. कलम १८४ मध्ये कैदेची तरतूद आहे, त्यामुळे ही सोय द्यायचीच असं कोर्टावर बंधन नाही. असली तरी केवळ तारीख अडते म्हणून घाईने कबुली देऊ नका. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती तुमच्या नावावर राहते. पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतलं असेल तर ते निलंबनासाठी आरटीओकडेही जाऊ शकतं. तेव्हा आधी वकिलांना केसचे कागद बघू द्या.

कागद बघूनही तुम्ही राँग साइडने आलात हेच खरं ठरलं, तर पुढच्या तारखेला स्वतः जाऊन कबूल करा, दंड भरा, पावती जपून ठेवा. त्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर धावतात. समोरून बाइक येईल अशी ड्रायव्हरची अपेक्षाच नसते. पुढचा यू-टर्न कितीही लांब असो, तिथूनच वळा.

वकिलाची फी जड जात असेल तर बेलापूर कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. कंपनीचं ओळखपत्र आणि समन्सची झेरॉक्स न्या.

मंगळवारी आई वॉर्डात परत आल्यावर वकिलांना फोन करा. अर्जावर काय आदेश झाला आणि पुढची तारीख कोणती, ते लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाकून तीच तारीख दिसते का, तेही बघा. आणि पुढच्या तारखेची सुट्टी सुपरवायझरकडे तेव्हाच मागून ठेवा.