नियम कुठे सैल करायचे?

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

नव्या कल्पना मंजुऱ्यांत अडकतात, म्हणून ही साखळीच तोडावी का, असं तू विचारलंस. तोडू नकोस. मागच्या महिन्यातल्या वीसेक मंजुऱ्या समोर घे आणि प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिही: हा निर्णय चुकला तर पंधरा दिवसांत मागे घेता येईल का? सुरक्षितता, हिशेब, करार, ग्राहकांची माहिती यांत उत्तर बहुधा 'नाही' येतं. तिथल्या दोन सह्या राहू देत. बाकीच्यांना एकच सही पुरे, तीही कामाच्या सर्वांत जवळच्या माणसाची.

थ्रीएम या अमेरिकी कंपनीत तंत्रज्ञांना 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा आहे. पुष्कळ जण तो आकडा तेवढा उचलतात आणि फसतात, कारण नेमून दिलेलं काम शंभर टक्केच राहतं. आधी उद्दिष्ट कमी कर, तेही लेखी. त्याच कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये चिकटून सहज सुटणारा गोंद सापडला. उपयोग काही सुचेना, तरी ते सहकाऱ्यांना त्याविषयी सांगत राहिले. 1974 मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना पुस्तकातल्या खुणेसाठी तो गोंद आठवला; त्यातून झालेल्या चिकटवून काढता येणाऱ्या 'पोस्ट-इट' चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या त्या 1980 मध्ये. म्हणून फसलेल्या प्रयोगाचीही नोंद ठेव, आणि ती दुसऱ्या विभागाला सापडेल अशी ठेव.

प्रयोग तीन-चार माणसांचा, सहा आठवड्यांचा. सुरू करण्याआधी एका पानावर लिही: आपलं गृहीतक काय, कोणता आकडा मोजायचा, खर्चाची कमाल मर्यादा किती, आणि आकडा कुठवर आला नाही तर थांबायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकदा काम सुरू झालं की जीव गुंततो, मग 'अजून थोडे दिवस' संपतच नाहीत.

खरी पडझड मात्र यशानंतर होते. प्रयोग जमतो, पण रोजचं काम चालवणारा विभाग तो हाती घेत नाही. त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्या विभागाचा एक माणूस पहिल्या दिवसापासून गटात घे. प्रयोग जमला की महिन्याभरात लेखी कार्यपद्धती बदल, तिच्यावर तारीख घाल आणि जुनी प्रत काढून टाक. दोन्ही पद्धती शेजारीशेजारी राहिल्या, तर घाईच्या दिवशी माणसं जुनीच उचलतात.

त्या वीस मंजुऱ्यांची यादी झाली की पाठव.

तुझा,
शुभचिंतक