पाळीच्या पायथ्याला ओल दिसते, म्हणजे मातीचा बांध फुटणार का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरजवळ सांवेरकडे तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला पंचायतीचा पाचेक मीटर उंचीचा मातीचा तलाव आहे. पावसाळ्याअखेर पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याला ओल धरते, गावकरी सांडव्यावर (जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर) वाळूची पोती रचून पाणी अडवतात, आणि तरी मार्चमध्ये तळ दिसतो. बांध धोक्यात आहे का, आणि अशा तलावाचा उपयोग काय?

मला ओलीपेक्षा पोत्यांची भीती जास्त वाटते. दगडी बंधाऱ्यावरून धार गेली तर तो बहुधा सोसतो. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की बाहेरच्या उतारावरची माती खालून वर सोलत येते आणि काही तासांत खिंड पडते. तसं होऊ नये म्हणून तर सांडवा असतो.

हिशेब करून पाहा. पाणलोट (जिथलं पाणी तलावात येतं ती जमीन) 100 हेक्टर, पाऊस तासाला 75 मिमी, त्यातला 40 टक्के वाहून आला, तर सेकंदाला सुमारे 8.3 घनमीटर पाणी येतं. सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीची धार गेली, तर दर मीटर लांबीतून साधारण 0.6 घनमीटर निघतं. म्हणजे सांडवा 14 मीटर लांब हवा. आता समजा सांडव्यापासून पाळीचा माथा 1.1 मीटर वर आहे. पुरात 60 सेंमी मोकळे उरतात. पोत्यांनी 40 सेंमी चढवले की उरतात 20, आणि गुरं रोज जिथून पाळ ओलांडतात तिथे माथा तेवढा खचलेला असतोच. शिवाय पोती रचतात सप्टेंबरात, तलाव भरत आल्यावर. तेव्हा काळी जमीन चिंब असते, पाऊस जिरत नाही. 40 टक्क्यांचा आकडासुद्धा मग कमी पडतो.

गवंड्याची पाण्याची नळी घेऊन माथ्याची पातळी दर 10 मीटरवर तपासा. खोलगट जागा ओलसर मातीच्या 15-20 सेंमीच्या थरांनी, धुमसानं ठोकून भरा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. पाणी खरंच वाढवायचं असेल तर आधी पाळ उंच करावी लागते, आणि ती वरून माती टाकून होत नाही. आत 2.5:1 (एक मीटर उंचीला अडीच मीटर आडवं) आणि बाहेर 2:1 उतार राखायचा तर 40 सेंमी उंचीला पायथा 1.8 मीटर रुंदावतो. हे काम ग्रामीण यांत्रिकी सेवेच्या इंजिनिअरकडून आखून घ्या.

आता ओल. मातीचा बांध पाझरतोच. आपल्याकडे गाभा काळ्या मातीचा आणि आवरण मुरमाचं करतात, ते याचसाठी: गाभा पाणी रोखतो, मुरूम जे येईल ते वाट देऊन खाली सोडतो. पायथ्याच्या दगडी टाचेतून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर झोपायला हरकत नाही. पाहायचं ते पाणी काय घेऊन येतंय. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर बांधाच्या पोटातली माती निघतेय. दुसरं, 15 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते दर आठवड्याला तलावाच्या पातळीसोबत लिहा. पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली, की धोका. ओल पायथ्याऐवजी उताराच्या मध्यावर आली, किंवा मोरीच्या (पाळीखालून तलावाचं पाणी सोडायच्या वाटेच्या) पाइपाच्या बाहेरून पाणी येऊ लागलं, तर थांबू नका. पाइपाच्या कडेची माती नीट ठोकली गेली नसेल तर पाणी तिथूनच वाट काढतं.

गढूळ झरा दिसला तर लोक पहिलं काम करतात ते भोकावर चिखल थापायचं. ते करू नका. पाणी दुसरीकडून फुटतं आणि दाब आत वाढतो. झऱ्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड टाका: पाणी येऊ द्या, माती अडवा. मोरी उघडून पातळी उतरवा, एरवी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त नाही, कारण आतला ओला उतार पाण्याचा आधार गेला की घसरतो. झरा वाढतच असेल तर मात्र तो हिशेब सोडा, खालच्या वस्तीला हलवा.

काळ्या मातीला मेमध्ये पाळीवरही भेगा पडतात. त्या वरून माती लोटून बुजवू नका. उकरून, ओलसर माती ठोकून भरा आणि माथ्यावर 30 सेंमी मुरूम पसरा. बाभळी लहान असतानाच मुळासकट काढा. मोठी नुसती तोडली तर मुळं आत कुजतात आणि तीच पाण्याची नळी होते. पाणी उतरल्यावर मुळं खणून खड्डा थराथरानं भरा. बाहेरच्या उतारावर हरळीइतकं चांगलं दुसरं काही नाही. घुशींची बिळं दर दिवाळीला बुजवा.

राहिला मार्चचा प्रश्न. उन्हाळ्यात दिवसाला 8-10 मिमी तर हवेतच उडतं. बाकीचं बरंचसं मुरमातून आणि बेसॉल्टच्या भेगांतून खालच्या विहिरींकडे जातं. तेव्हा तलाव नव्हे, खालच्या विहिरी मोजा: ऑक्टोबरपासून दर आठवड्याला काठापासून पाण्यापर्यंतची दोरी. वरच्या अंगाच्या विहिरीशी तुलना केलीत की गव्हाच्या शेवटच्या पाण्याला तलावानं किती हात दिला ते कळेल. विहिरींतही काही दिसलं नाही, तर बहुधा तळावर गाळाचं झाकण बसलंय. तो उन्हाळ्यात काढून शेतात टाका, पण जेसीबीवाल्याला पाळीच्या आतल्या पायथ्यापासून किमान 10 मीटर लांब ठेवा. तिथला गाळ गाभ्यापुढचं अस्तर असतो, आणि जवळची माती पटकन ट्रॉलीत भरता येते म्हणून तो नेमका तिथेच खणतो.