मालिका गाजली, मग गेम का पडला?

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो, की आवडत्या मालिकेवरचा गेम म्हणजे आवडत्या हॉटेलातलं पार्सल, घरी येईस्तोवर गार. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी री ओढली, दोघांनी झापलं. त्यातली सहा इथं घेतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी २००३ ते २०११ साताऱ्यात पोवई नाक्याजवळ सायबर कॅफे चालवला. सहा मशीन, तासाला वीस रुपये, एक कूलर. माझं गेमिंगचं शिक्षण तिथंच झालं आणि बरंचसं गिऱ्हाइकांच्या खांद्यावरून वाकून झालं.

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर एकाच हार्ड डिस्कवरून आमच्या आख्ख्या विंगनं ‘प्रिझन ब्रेक’ पाहिली. आता जुना प्लेस्टेशन थ्री घेतलाय, त्यावर ‘प्रिझन ब्रेक: द कॉन्स्पिरसी’ची सेकंडहँड डिस्क मिळाली. दोन संध्याकाळी खेळलो आणि ठेवून दिली. मायकेल आणि लिंकनचे आवाज खरे, जेल तसंच, तरी एवढा कंटाळा का आला? — एक वाचक, सांगली

आधी मला सांगा, त्या गेममध्ये तुम्ही कोण होता? भावाला, लिंकनला, सोडवायला मुद्दाम तुरुंगात शिरलेला मायकेल स्कोफिल्ड नव्हता. टॉम पॅक्स्टन होता. हा पॅक्स्टन मालिकेत औषधालाही सापडणार नाही. मालिकेतल्या ‘द कंपनी’ या कारस्थानी टोळीनं त्याला फॉक्स रिव्हरच्या तुरुंगात कैदी म्हणून घुसवलेलं असतं. स्कोफिल्ड काय शिजवतोय ते बघायचं आणि लिंकन बरोजची इलेक्ट्रिक खुर्ची चुकणार नाही याची काळजी घ्यायची, हे त्याचं काम. आता लिंकन वाचतो, आठ जण भिंत ओलांडतात, हे तुमच्या विंगमधल्या मेसवाल्यालाही पाठ असणार. म्हणजे पॅक्स्टनचा डाव फसणार हे डिस्क आत सरकवायच्या आधीच ठरलेलं. पळून जायची गोष्ट आवडली म्हणून तुम्ही गेम घेतला आणि तुम्हाला नेमलं पळणाऱ्यांवर पाळत ठेवायला. लग्नाला बोलवायचं आणि पंगतीत बसवायच्या ऐवजी हातात आमटीची बादली द्यायची, त्यातला प्रकार. वास सगळे येतात, ताट काही मिळत नाही.

हा वाढपी मुद्दाम नेमलेला असतो. मालिका चालू असताना तिच्या नायकाला हात लावायची मुभा गेमवाल्यांना नसते. उद्या तुम्ही खेळता खेळता स्कोफिल्डला तिसऱ्याच दिवशी पकडून दिलंत, तर पुढचे सीझन कुणाच्या जिवावर काढायचे? त्यामुळे मालिकेच्या कडेकडेनं फिरणारा, काही बिघडवू न शकणारा एक नवा माणूस तयार करतात. ‘द सोप्रानोज: रोड टू रिस्पेक्ट’मध्ये, २००६ साली, तो जोई लारोका होता, मालिकेतल्या बिग पुसी या गुंडाचा मुलगा. विमान कोसळून बेटावर अडकलेल्यांच्या ‘लॉस्ट’ मालिकेवरच्या ‘लॉस्ट: व्हाया डोमस’मध्ये, २००८ साली, तो इलियट नावाचा फोटोग्राफर, विमान पडल्यावर स्मृती गेलेला. मालिकेत कुणीच त्याचं नाव घेत नाही, म्हणजे स्मृती बाकीच्यांचीही गेलेली असावी.

‘लॉस्ट’चा तो गेम माझ्या कॅफेत पाचव्या मशीनवर होता. एका शनिवारी संध्याकाळी एक पोरगा खेळायला बसला, मागं चौघं उभे. पाचही जण मालिकेचे भक्त. बेटावर सामान बदलून घ्यायची सोय होती. नारळ, पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या आणि त्या देऊन कंदील, टेंभे घ्यायचे, तेवढ्यावर ते खूश होते. मग फ्यूजचं कोडं आलं. भिंतीवर एक पॅनल, त्यात वेगवेगळ्या आकाराचे फ्यूज असे बसवायचे की करंट फुटून बरोबर ठिकाणी बरोबर आकड्याएवढाच पोचला पाहिजे. पहिलं सुटलं. दुसऱ्याला अर्धा तास गेला. बेट, मालिकेतला तो काळा धूर, जमिनीतली हॅच सगळं बाजूला राहिलं आणि पाच जण कागदावर बेरजा करत बसले. शेवटी शेजारच्या मशीनवर रेल्वेचा फॉर्म भरणारा आयटीआयच्या वायरमन ट्रेडचा एक मुलगा उठला, त्यानं दोन मिनिटांत ते लावून दिलं आणि म्हणाला, “ह्ये ज्यानं काढलंय ना, त्याला एकदा शॉक बसाय पायजे.” त्यानं ‘लॉस्ट’चा एकही भाग पाहिलेला नव्हता. गेममध्ये जिंकला तोच.

तुमच्या डिस्कमागं तारखेचाही घोळ आहे. तो गेम बनवला स्लोव्हेनियातल्या झूटफ्लाय नावाच्या मंडळींनी. त्यांचा प्रकाशक ब्रॅश एंटरटेनमेंट. सिनेमा आणि मालिकांचे हक्क घेऊन गेम काढायचे हाच ज्यांचा धंदा, ते २००८ च्या अखेरीस बुडाले. मधल्या काळात गेम अनाथ होऊन पडला. दुसरा प्रकाशक मिळून तो दुकानात आला मार्च २०१० मध्ये. मालिका संपली होती मे २००९ ला. एरवी या गेमचं दुखणं उलटं असतं. सीझनच्या तारखेला माल दुकानात हवा म्हणून अर्धाकच्चा उतरवतात. तुमच्या नशिबी कच्चाही आला आणि शिळाही.

डिस्क विकू नका, कुणी घेणार नाही. त्यातला एक दीड मिनिटांचा आनंद मात्र घेऊन टाका. तुरुंगाच्या अंगणात निवांत उभं राहा, काहीच करू नका आणि नुसतं बघा. जेल खरंच छान उभं केलंय.

सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला ‘द वॉकिंग डेड’चा गेम हवाय. दुकानदाराकडे या नावाचे दोन आहेत, तो म्हणतो दोन्ही सेमच. कुठला घेऊ? — एक आई, चिंचवड

ताई, कुठलाच नको. दोन्ही अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहेत, बॉक्सवर तसं छापलेलंही असतं. दुकानदारानं ते वाचलेलं दिसत नाही. मुलगा पाच वर्षं थांबेल.

पण “सेमच” या शब्दावर मला राहवत नाही, म्हणून मुलाला वाचून दाखवा. २०१२ साली टेलटेल कंपनीचा ‘द वॉकिंग डेड’ आला. तो मालिकेवरचा नाही, मालिका ज्यावरून निघाली त्या कॉमिकच्या दुनियेतला आहे. त्यात ली नावाचा माणूस आणि क्लेमेंटाइन नावाची छोटी मुलगी. बंदूक फार चालवायची नसते, बोलायचं असतं. एका प्रसंगात लीच्या हातात खाण्याचे फक्त चार जिन्नस देतात आणि उपाशी माणसं त्याहून कितीतरी जास्त. कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. पोरांना दिलं की मोठे चिडतात, भांडखोराला दिलं की बाकीचे तुमच्याकडे बघतात. मी तिथं कंट्रोलर खाली ठेवून चहा करायला गेलो होतो. त्या वर्षीचे ‘गेम ऑफ द इयर’ पुरस्कार त्यानं गोळा केले ते उगाच नाही.

मार्च २०१३ मध्ये मालिकेवरचा अधिकृत गेम आला, ‘सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट’. त्यात डॅरिल आणि मर्ल डिक्सन हे मालिकेतलेच भाऊ, आवाजही नॉर्मन रीडस आणि मायकेल रूकरचे. म्हणजे इथं वाढप्याचीसुद्धा सबब नाही, थेट नवरदेवच हातात दिलाय. तरी खेळायला बसलं की काय होतं? एका झोंबीनं पकडलं की त्याच्या डोक्याला नेम धरून सुरा खुपसायचा. तोवर मागचे झोंबी शिस्तीत उभे राहतात आणि पहिला पडला की दुसरा पुढं येऊन पकडतो, मग तिसरा. रेशनच्या दुकानाची रांग. आणि डॅरिल म्हटलं की आठवतो तो क्रॉसबो, तो हातात येईपर्यंत निम्मी माणसं गेम सोडून गेलेली. ज्या स्टुडिओनं तो बनवला, तो त्याच वर्षाअखेर बंद झाला.

तर नाव एक, पण सेम काही नाही. दुकानदाराला सांगा.

तुम्ही सरसकट झोडपता. ‘डकटेल्स’ विसरलात का? — एक चिडलेला वाचक, डोंबिवली

कान पकडतो. विसरलो नव्हतो, टाळलं होतं, कारण त्यानं माझा सगळा मुद्दा पंक्चर होतो.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून ‘डकटेल्स’मधले बदक, अंकल स्क्रूज, यायचे आणि आमच्या गल्लीत टीव्ही असलेल्या घरासमोर चपलांचा ढीग पडायचा. त्यांचा कॅपकॉमनं काढलेला गेम १९८९ चा. मला त्याची कॅसेट दिवसाला पाच रुपये भाड्यानं मिळाली, फुंकर मारून मारून लावायची. पाच ठिकाणं: अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र. वाटेल त्या क्रमानं जा. चंद्राचं संगीत अजून मला अंघोळ करताना येतं.

यात कुठलीही कथा सांगायचा आटापिटा नाही. त्यांनी स्क्रूजकाकाची हातातली काठी घेतली आणि विचार केला, हिच्यावर हा म्हातारा उड्या मारेल. झालं. काठीवर टुणटुण करत शत्रूच्या डोक्यावरून, काट्यांवरून जायचं. आणि हिमालयात बर्फावर तशी उडी मारली की काठी रुतते, म्हातारा जागीच अडकतो. पहिल्यांदा माझा अडकला तेव्हा मी बटण तुटेस्तोवर दाबलं. मग कळलं, बर्फात चालायचं, उडी दगडावर येऊन मारायची. ही गोष्ट मालिकेत कधीच नव्हती. तरी ते पात्र अस्सल स्क्रूजच वाटतं, चिकट, म्हातारा आणि थांबायला तयार नसलेला.

‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेचं उदाहरण यापेक्षा गमतीचं. त्यावरचा १९९८ चा गेम म्हणजे धुक्यात अंगावर येणाऱ्या टर्की पक्ष्यांवर बर्फाचे गोळे फेकणं, फेकणं आणि फेकणं. सोळा वर्षांनी, २०१४ मध्ये, ‘द स्टिक ऑफ ट्रुथ’ आला, तो मालिकेच्या कर्त्यांनी, ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी, स्वतः बसून लिहिला. त्यातही तुम्ही गावात नव्यानं आलेला मुलगाच असता, म्हणजे पुन्हा वाढपीच. फरक इतकाच, की यजमान स्वतः म्हणाले, बादली ठेव, बस. (मोठ्यांसाठीच आहे हो, चिंचवडच्या ताई.)

सगळ्यात वाईट कुठला? एकच नाव द्या. — नाशिक

‘सुपरमॅन’, १९९९, निन्टेंडो सिक्स्टीफोर या मशीनवरचा. लोक त्याला ‘सुपरमॅन सिक्स्टीफोर’ म्हणतात. पुष्कळांना तो कॉमिकवरचा वाटतो, पण तो त्या वेळच्या अॅनिमेटेड मालिकेवरचा आहे. कॅफे बंद केल्यावर मी तो इम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळलो, अभ्यास म्हणून.

सुरुवातीलाच खलनायक लेक्स लुथर तुम्हाला हवेतल्या कड्यांमधून उडायला लावतो. एक कडं, दुसरं, तिसरं. वेळ संपला, परत पहिलं. जगातला सर्वांत ताकदवान माणूस, आणि त्याच्याकडून आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून घेतायत. शहरभर हिरवट धुकं. लांबचं काही दाखवायची मशीनची ताकद नाही, म्हणून त्याला क्रिप्टोनाइटचं, म्हणजे सुपरमॅनला लुळं करणाऱ्या खनिजाचं, धुकं म्हणून टाकलं. ही थाप मात्र मला मनापासून आवडली. सारं शहरच आभासी, लुथरनं बनवलेलं. बनवणाऱ्यांनी नंतर सांगितलं, की सुपरमॅन खऱ्या माणसांना मारतो हे हक्क देणाऱ्यांना चालणार नव्हतं, म्हणून माणसंही खोटी आणि गावही खोटं.

मोबाइलवर तरी मालिकांचे गेम बरे असतात का? — कोल्हापूर

थोडक्यात: ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेचा मोबाइल गेम २०१८ मध्ये आला आणि त्याच महिन्यात बेथेस्डा या गेम कंपनीनं खटला भरला, की आमच्या ‘फॉलआउट शेल्टर’ गेमचाच कोड यात घातलाय. पुरावा काय दिला? आमच्या सुरुवातीच्या आवृत्तीत जो बग, म्हणजे कोडमधली चूक, होता, तोच यांच्यात आहे. पुढं आपसात मिटलं आणि २०१९ मध्ये गेम बंद झाला. पेपरात नक्कल करताना शेजाऱ्याचा खोडलेला शब्दही खोडून लिहिणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता.

आपल्या मराठी मालिकांवर गेम कधी येणार? — एक आशावादी, पनवेल

माझी आई रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर बसते आणि भाग संपेपर्यंत पडद्याला सल्ले देते. “अगं, ते दूध पिऊ नको.” “त्याला फोन कर की, मुडद्या.” परवा मी तिला विचारलं, समज यातली सून तुझ्या हातात दिली, तू सांगशील तसं ती वागेल, तर पहिलं काय करशील? क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, “सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकीन.”

मग मालिका चालणार कशी, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “नाही चालली तर नाही. भाजी चिरायला घेते.”