चिंतनवहीत सगळ्यांचं एकच वाक्य येतं, त्यावर

मॅडम, तुमच्या ऐरोलीच्या अध्यापक विद्यालयातले छात्रअध्यापक सराव पाठानंतर चिंतनवहीत, म्हणजे पाठ कसा झाला यावर विचार करून लिहायच्या वहीत, 'पाठ चांगला झाला, वेळ अपुरा पडला' एवढंच लिहितात, आणि यात मोबाइलचा काही उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतो. पण नवीन ॲप शोधू नका. दीक्षा हे सरकारी शिक्षण पोर्टल २०१७ पासून आहे, त्यावर शिक्षक प्रशिक्षणाचे निष्ठाचे कोर्स आहेत, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांना वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. पण कोर्सचा व्हिडिओ एकीकडे चालू आणि दुसरीकडे वह्या तपासणं चालू, हे आपण सगळ्यांनी केलंय.

वही कोरडी राहते, कारण पाठात मुलं काय बोलली हेच नंतर आठवत नाही. नवख्या माणसाचं लक्ष पाठाच्या टाचणावर, घड्याळावर आणि मागे बसलेल्या निरीक्षकावर. म्हणून फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर वापरायचा. पंखा आणि बाहेरचे हॉर्न यांत मुलांचा आवाज बुडतो, तेव्हा फोन टेबलावर न ठेवता पुढच्या बाकावर ठेवायला सांगा. दहाच मिनिटं. घरी ऐकून मुलांची वाक्यं जशीच्या तशी उतरवायची, आपलं मत नंतर.

कळव्याला तिसरीच्या वर्गात एका छात्राध्यापिकेने ५२ − २७ घेतलं होतं. उत्तर आलं ३५. ती म्हणाली, "चूक. दुसरं कोण सांगेल?" दुसऱ्यानेही ३५, मग कुणीतरी २५, आणि पाठ पुढे. वहीत तिने 'हातच्याचा सराव कमी पडला' असं लिहिलं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं की ३५ दोनदा आलंय, म्हणजे हा अंदाजपंचे आकडा नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलं उलट सातातून दोन वजा करतायत! पुढच्या पाठात तिने काड्यांचे गठ्ठे आणले, एक गठ्ठा सोडून दहा सुट्या केल्या आणि "३५ कसं आलं ते सांग" इथून सुरुवात केली. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या पाठांच्या सरावात, पाठ, प्रत्याभरण (फीडबॅक), पुनर्पाठ (तोच पाठ सुधारून पुन्हा) असं आपण शिकवतो खरं, पण वेळापत्रकात पहिली कात्री पुनर्पाठालाच लागते. तो वाचवा.

एका वेळी एकच गोष्ट ऐकायला द्या. पहिल्यांदा थांबणं द्या. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबत होती आणि गप्प बसणारीही बोलत होती. सेकंद मोजायला कुणालाही येतात, त्यामुळे इथे 'छान झालं' लिहून सुटता येत नाही.

व्हिडिओच्या फंदात पडू नका. कॅमेरा दिसला की मुलं सावरून बसतात, शिवाय त्यांचे चेहरे छात्रअध्यापकांच्या ग्रुपवर फिरतात. आवाजासाठीसुद्धा मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि उतरवून झालं की फाइल पुसायला लावा.

आणि चिंतनवहीला गुण असतील, तर ते भाषेला किंवा चुकांच्या कबुलीला न देता उतरवलेल्या संवादाला आणि पुनर्पाठात केलेल्या बदलाला द्या. नाहीतर पुढच्या बॅचला सीनियरांच्या वह्या मिळतातच.