ताटावर पोरं टिकत नाहीत? हे करून बघ

अगं, रोज ओरडत नको बसू, जेवताना एक खेळ सुरू कर. पहिला म्हणतो ‘सराफ्यात गेलो, गराडू खाल्ले’ (सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, गराडू म्हणजे तळलेला कंद), दुसरा गराडू म्हणून पुढे दहीवडा जोडतो, तिसरा दोन्ही सांगून भुट्ट्याचा कीस, मग मावाबाटी, असं वाढत जातं आणि जो विसरला त्याने ताटं उचलायची (आमच्या सासूबाई कधीच हरत नाहीत, काय करणार). एकदम लहानांना यादी झेपत नाही, त्यांना डोळे मिटून आमटीत काय पडलंय ते ओळखायला लाव, चिंच, गूळ, गोडा मसाला, त्या नादात चार घास जातातच. फक्त ‘आधी संपवेल तो जिंकला’ हे नको बाई, भराभर गिळतात न् ठसका लागतो. आणि मोबाईल मोठ्यांचेपण लांब.