मालवणच्या पुळणीवरचं घर आणि एन-व्हॅल्यूचे आकडे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. मालवणजवळ वायरीला किनाऱ्यापासून दोनेकशे मीटरवर चार गुंठे जागा, त्यावर तळमजला अधिक एक असं आरसीसी घर. फेब्रुवारीत माती परीक्षण झालं, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बोअर. पहिल्या बोअरचे एन, म्हणजे नमुन्याची नळी तीस सेंटिमीटर खाली ठोकायला लागलेले घाव (जास्त तितकी माती घट्ट), असे: दीड मीटरवर ११, तीनवर ९, साडेचारवर ४, सहावर ३, साडेसातवर १४, नऊवर ३८ आणि मग रिफ्युजल, म्हणजे नळी पुढे जाईनाशी झाली. पाणी १.१ मीटरवर. दुसऱ्या बोअरमध्ये मधला मऊ थर जवळजवळ नाहीच. अहवालाच्या शेवटी शिफारस एकच, दीड मीटर खोलीवर सुरक्षित धारणक्षमता ८ टन प्रति चौरस मीटर. कंत्राटदार म्हणतो पाच फुटांवर सुट्या फुटिंग, म्हणजे प्रत्येक खांबाखाली वेगळा पाया, टाकू, "बाजूवाल्याचा घर पडला काय?" आणि परीक्षणाचे पैसे फुकट गेले का, असं तुम्ही विचारताय.

फुकट नाही गेले. फक्त ती शेवटची ओळ बाजूला ठेवा आणि आकड्यांचा रकाना वरून खाली वाचा. चार मीटरच्या खाली एन वाढायच्या ऐवजी पडतोय, तुमच्या घराचा सगळा प्रश्न तिथे आहे.

पण आधी आकडा येतो कसा ते सांगतो, कारण त्यावर विश्वास किती ठेवायचा हे त्यावरच ठरतं. आयएस २१३१ या भारतीय मानकाप्रमाणे ६३.५ किलोचा हातोडा, ज्याला साइटवर सगळे मंकी म्हणतात, ७५ सेंटिमीटरवरून मोकळा सोडायचा. रॉडवर खडूने १५-१५ सेंटिमीटरच्या तीन खुणा करायच्या. पहिल्या १५ चे ठोके सोडून द्यायचे, कारण तळाची माती बोअर मारताना ढवळलेली असते. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन. दोर विंचच्या फिरत्या ड्रमवर दोनाऐवजी तीन वेढे घेतला, किंवा सोडणाऱ्याचा हात दमला, की मंकी मोकळी पडत नाही. घाव कमी बसतो, ठोके जास्त लागतात आणि माती आहे त्याहून घट्ट दिसते.

पुळणीत याच्या उलट चूक होते आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका कामावर साडेचार मीटरवर एन ५ आला. वरच्या टप्प्यावर १२ होता, माती तीच, बारीक करडी वाळू. बोअरमध्ये डोकावलो तर पाणी बाहेरच्या पातळीच्या हातभर खाली. बेलर, म्हणजे बोअरमधला गाळ उपसायची नळी, झटक्यात वर ओढला होता. आतलं पाणी कमी झालं की बाहेरचं पाणी तळातून उसळून आत येतं आणि वाळू सैल करून टाकतं. पुढच्या टप्प्याआधी आम्ही बोअर पाण्याने काठोकाठ भरला, बेलर हळू ओढला, एन १३ आला. म्हणून तुमच्या लॉगमध्ये बोअरमधलं पाणी कुठे ठेवलं होतं, केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून घातलेला पाइप) कुठपर्यंत होतं, हे लिहिलंय का बघा. नसेल तर विचारा. हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे.

आता तुमचे ४ आणि ३. अहवालात त्या खोलीवर "करडी चिकणमाती, शिंपल्यांच्या तुकड्यांसह" असं लिहिलंय, त्यामुळे हे आकडे बेलरच्या चुकीचे नाहीत असं मी धरतो. तो जुन्या खाडीचा चिखल आहे. कधीतरी तिथे खाजण असणार, नंतर वर वाळू येऊन बसली. अशा मातीत एसपीटी, म्हणजे ही ठोक्यांची चाचणी, फक्त इशारा देते, मोजमाप देत नाही. त्या थरासाठी पातळ नळीने न ढवळलेला नमुना काढून कन्सॉलिडेशन चाचणी (भाराखाली माती किती आणि किती वेगाने दबते ते) करायला हवी होती, जमलं तर व्हेन शिअरही (मातीत पाती फिरवून तिची ताकद मोजणं). ते झालेलं नाही, आणि माझी खरी तक्रार आहे ती याबद्दल.

कारण ८ टन हा आकडा वरच्या वाळूचा आहे. खांबाचा भार ३० टन धरला तर फुटिंग साधारण २ मीटर बाय २ मीटरची होईल, वाळू ती पेलेल. पण भार तिथे थांबत नाही, पसरत खाली जातो. पायाच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत त्याची झळ लागते, म्हणजे तुमच्याकडे पायाखाली चार मीटर, जमिनीपासून साडेपाच मीटरपर्यंत. आणि खांब चार-चार मीटरवर असले की शेजारशेजारचे भार खाली एकमेकांत मिसळतात. चिखल फुटणार नाही, पण दबेल, आणि एका रात्रीत नाही, महिनोन्‌महिने दबत राहील.

भरावाकडे तर कुणी बघतच नाही. पावसाळ्यात पाणी चढतं म्हणून जागा मीटरभर उचलणार, लाल माती टाकणार, असं तुम्ही लिहिलंय. एक मीटर भराव म्हणजे चौरस मीटरला जवळपास १.८ टन, आणि तोही सगळ्या जागेवर, त्यामुळे खोलीवर जाताना तो कमीच होत नाही. त्या चिखलाला हा भराव जवळजवळ तुमच्या घराइतकाच जड आहे. किनाऱ्याच्या गावांत नव्या घरांच्या पडव्या आणि कंपाउंड खचलेली दिसतात, त्यांत मला बऱ्याचदा घराआधी घाईने टाकलेला भरावच सापडला आहे.

आयएस १९०४ सुट्या फुटिंगच्या आरसीसी इमारतीला चिकणमातीवर एकूण ७५ मिलिमीटर खचण चालवून घेतं. पण दोन खांबांमधला फरक अंतराच्या ०.००१५ पटच, म्हणजे चार मीटरवर ६ मिलिमीटर. तुमच्या एका कोपऱ्याखाली चिखल आहे आणि दुसऱ्या कोपऱ्याखाली नाही. सुट्या फुटिंगवर ही ६ मिलिमीटरची मर्यादा टिकेल असं मला वाटत नाही. शेजाऱ्याच्या घराचं उत्तरही यातच आहे. तुमच्याच जागेत वीसेक मीटरवर जमीन बदलते, तर कुंपणापलीकडचं घर तुमच्या जागेबद्दल काय सांगणार? शिवाय ते घर चिऱ्याचं, कौलारू, एकमजली आहे असं तुम्हीच म्हणताय.

वरच्या वाळूबद्दल एक गोष्ट. पाण्याखालची बारीक वाळू आणि एन ९ ते ११. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपाच्या झोन तीनसाठी पाच मीटरपर्यंत किमान १५ एन अपेक्षित आहे, कारण त्याहून सैल वाळू भूकंपात पाण्यासारखी वागू शकते. २००१ च्या भूकंपात कांडला बंदरातली इमारत कलली ती अशाच जमिनीमुळे. आकड्याला दुरुस्त्या केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, पण तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने ही तपासणी कागदावर केलेली असली पाहिजे.

मी तुमच्या जागी असतो तर आधी त्या मऊ थराचा नमुना काढायला तिसरा बोअर मारला असता, घराच्या मध्यावर. मग भराव लगेच टाकून घेतला असता आणि घर एक पावसाळा पुढे ढकललं असतं. थर अडीच-तीन मीटरचाच आहे आणि वर-खाली वाळू असल्याने पाण्याला दोन्हीकडून वाट मिळते, त्यामुळे बरीचशी खचण वर्षभरात उरकण्याची आशा आहे. भरावात चार लोखंडी पट्ट्या पुरून दर महिन्याला लेव्हल घ्या. खचणं थांबल्याचं दिसलं की राफ्ट, म्हणजे अख्ख्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया, टाका. राफ्टने खचण नाहीशी होत नाही, पण घर एकसंध राहतं. थांबणं शक्यच नसेल तर नऊ मीटरपर्यंत बोअर पाइल, म्हणजे भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब, भोक ढासळू नये म्हणून लायनर (लोखंडी नळी) आणि बेंटोनाइट (मातीचा रबडा) वापरून. पण भराव ताजा असेल तर तो बसताना पाइलला खाली ओढतो, तो भार डिझाइनमध्ये धरायला सांगा.

काँक्रीट किमान एम३० ग्रेडचं, पायाला कव्हर (सळईवरचं काँक्रीट) ५० मिलिमीटर. विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय कालवू नका, आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पुळणीची वाळू तर अजिबात नको.

नमुन्यांच्या पिशव्या अजून असतील तर साडेचार मीटरची उघडून बघा. बोटांत चोळल्यावर गुळगुळीत लागून बोटाला चिकटली आणि कुजका वास आला तर मी म्हणतो तोच चिखल. करकरली तर मला पुन्हा विचार करावा लागेल. आणि दुसऱ्या बोअरचं लॉगशीट इथे टाका, प्रत्येक टप्प्याचे तिन्ही ठोके दिसतील असं.